कुंड्या वाढतात, शिंका थांबत नाहीत

हा फोन दरवर्षी दिवाळी उलटली की येतो. यंदा भाच्याचा आला. "मावशी, सव्वीस कुंड्या झाल्या बघ आता. व्हॉट्सॲपवरच्या हवा शुद्ध करणाऱ्या झाडांच्या यादीतलं एकही झाड सोडलं नाही. तरी सकाळी उठलं की नाक बंद आणि डोळे चुरचुरतात. अजून कुठलं आणू?" गेल्या वर्षी त्याने हेच विचारलं होतं, तेव्हा कुंड्या चौदा होत्या.

मी हसले नाही, कारण पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आमच्या घरात मीही हेच केलं होतं. एका हिवाळ्यात हॉलची रोपवाटिका झाली होती. नवरा पेपर वाचायला जागा शोधत फिरायचा आणि माझा खोकला जिथल्या तिथे. म्हणून त्या शनिवारी हवा मोजायचं मीटर, बॅटरी आणि एक जुनं फडकं पिशवीत टाकून वाकडला भाच्याकडे गेले. तिथे जे सापडलं ते बहुतेक घरांत सापडतं, थोडंफार इकडेतिकडे.

झाडांचा हिशेब आधी उरकू

व्हॉट्सॲपवर फिरणारी ती यादी खोटी नाही. तिच्यामागचा प्रयोगही खरा आहे. १९८९ साली नासाच्या मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात बिल वोल्व्हर्टन यांनी तो केला. प्रश्न होता अंतराळातल्या बंदिस्त घरांचा. म्हणून जेमतेम अडीच फुटी हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, आत बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड वगैरे वायू सोडले आणि किती कमी होतात ते मोजलं. कमी झाले. त्यात मातीतल्या, मुळांजवळच्या जिवाणूंचा मोठा वाटा होता. पंख्याने हवा मुळांतून आणि कोळशातून ओढणारी कुंडीही त्याच प्रयोगात होती. फॉरवर्ड होता होता पंखा गळाला, कोळसा गळाला, हवाबंद पेटीही गळाली. उरली ती झाडांची नावं.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी असे १२ अभ्यास, म्हणजे १९६ प्रयोग, एकत्र मांडले आणि एकच सरळ प्रश्न विचारला: एक कुंडी तासाभरात किती हवा साफ करते? मधलं उत्तर आलं ०.०२३ घनमीटर. म्हणजे साधारण एका बादलीभर हवा.

आता आपली खोली घ्या. दहा बाय बारा, उंची नऊ फूट. झाली ३० घनमीटर. खिडकी थोडी किलकिली ठेवली तर तासाभरात एवढी हवा सहज बदलते. हेच काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर ३० भागिले ०.०२३, म्हणजे १३०० कुंड्या लागतील. दर चौरस फुटाला अकरा. भाच्याच्या सव्वीस कुंड्या, त्याही सगळ्या एकाच खोलीत आणून ठेवल्या, तर तासाला ०.६ घनमीटर. खोलीच्या दोन टक्के. आणि हा हिशेब वायूंचा आहे. धुळीच्या बारीक कणांचं, पीएम २.५ चं, काम तर त्याहून अवघड, कारण पानावर कण बसतो तसा टेबलावरही बसतो, फरशीवरही बसतो.

भाचसून म्हणाली, "पण मावशी, दिल्लीच्या त्या इमारतीचं काय?" झाडांनी इमारतीची हवा शुद्ध ठेवतो असं सांगणाऱ्या कमल मीटल यांचं २००९ चं भाषण तिने ऐकलं होतं. माणशी चार अरेका पाम, सहा-आठ स्नेक प्लांट, आणि तीनशे माणसांच्या इमारतीत बाराशे झाडं. बरोबर आहे, पण त्या इमारतीत हवा धुऊन, गाळून आत सोडणारी यंत्रणाही आहे. भाषणातली झाडं लक्षात राहतात, गच्चीवरची यंत्रं राहत नाहीत.

इथे कुणी विचारेल, मग झाडं लावूच नयेत का? लावा की. माझ्या घरात आजही अठरा आहेत. पण त्यांच्या भरवशावर खिडकी बंद करू नका. कारण गोम नेमकी तिथे आहे. हवा खराब वाटते म्हणून झाडं येतात. झाडं हवा गाळताहेत या समजुतीने खिडक्या बंद होतात. आत ओल, वास आणि आपलाच उच्छ्वास साठतो. ओल्या कुंड्यांवर चिलटं, बशीतल्या पाण्यात डास. डासांसाठी कॉइल. कॉइलने घसा धरतो, की अजून दोन झाडं. भाच्याच्या घरी हे चक्र पूर्ण फिरलेलं दिसत होतं. कॉइलची राख चक्क पीस लिलीच्या कुंडीत होती.

त्यामुळे मी विचारलं एवढंच, की तुमची खिडकी कशाकशामुळे बंद असते? उत्तरं तीन आली: डास, समोरचं बांधकाम आणि एसी. दुरुस्ती त्या तिघांचीच करायची होती.

त्रास कधी होतो ते लिहून काढा

मीटर नंतर. आधी आठवडाभर कॅलेंडरवर टाचण करा, की कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, काय होतं. सकाळी डोकं जड आणि दुपारपर्यंत आपोआप ठीक, तर झोपायच्या खोलीत हवा बदलत नाही. संध्याकाळी सात ते नऊ खोकला, तर फोडणी, उदबत्ती, कॉइल यांपैकी कुणीतरी. पावसाळ्यात वाढणारं आणि कपाट उघडल्यावर येणाऱ्या शिंका, तर बुरशी. नवीन फर्निचर झालंय, डोळे चुरचुरतात आणि उन्हाळ्यात जास्त, तर प्लायच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूवर संशय घ्या.

या शेवटच्यासाठी एक फुकटची चाचणी आहे. दोन दिवस घर बंद करून गावी जा. परत आल्यावर दार उघडताच पहिला श्वास नीट घ्या, पिशव्या नंतर ठेवा. आपल्या नाकाला रोजच्या वासाची सवय होते आणि दहा मिनिटांत ते सांगायचं बंद करतं. त्या पहिल्या श्वासात नवीन प्लायचा तिखट, डोळ्यांत जाणारा वास आला तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

मीटरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक त्यावर पैसे घालवतात आणि वर घाबरतात. दोन-चार हजारांच्या मीटरवर पीएम २.५ चा आकडा कामापुरता चालतो. चढ-उतार नक्की कळतो. पण पावसाळी दमट हवेत तो फुगवून दाखवतो, कारण लेझरला पाण्याने फुगलेला कण आणि धूळ यांतला फरक कळत नाही. थंड तुषार उडवणारं (अल्ट्रासॉनिक) ह्युमिडिफायर बोअरच्या पाण्यावर चालवत असाल तर त्यातले क्षारही धूळ म्हणून मोजले जातात, आणि ते खरोखर फर्निचरवर पांढरी पूड होऊन बसतात. त्याच मीटरवरचा फॉर्मल्डिहाइडचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. सॅनिटायझर, अत्तर, संत्र्याची साल, काहीही जवळ आणलं की उडी मारतो. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. स्वस्त मीटर तो प्रत्यक्ष मोजत नाहीत, वासाच्या वायूंवरून अंदाज बांधतात. घेताना 'एनडीआयआर', म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी तो वायू प्रत्यक्ष मोजणारा, सेन्सर आहे का, एवढं विचारायचं. नसेल तर तो आकडा झाकून टाका.

तुलनेला एक मोजपट्टी लक्षात ठेवा. पीएम २.५ साठी आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची १५.

झोपायची खोली

भाच्याकडे रात्री एसी, दार बंद, खिडकी बंद, कोपऱ्यात पाच स्नेक प्लांट. "ते रात्री ऑक्सिजन देतात ना!" नाही देत. ही चूक कुठून आली ते बघण्यासारखं आहे. स्नेक प्लांट हे मूळचं कोरड्या प्रदेशातलं झाड. दिवसा पाणी उडू नये म्हणून ते पानांवरची छिद्रं रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाशच लागतो, तो सकाळीच. शिवाय माणसाला दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर ऑक्सिजन लागतो. कोपऱ्यातल्या पाच कुंड्यांचा तिथे पाड लागत नाही. आणि ज्यांना उलटी भीती वाटते, की झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडून आपल्याला गुदमरवतील, त्यांनीही निवांत झोपावं. शेजारी झोपलेला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त सोडतो.

तोच खरा मुद्दा. झोपलेला माणूस तासाला बारा-पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघं मिळून पंचवीस धरा. ३० घनमीटरच्या पूर्ण बंद खोलीत तासाला आठशे पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत आठशे भागांची) भर. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० असतो. फटींतून थोडी हवा ये-जा करते म्हणून, नाहीतर पहाटेपर्यंत काय झालं असतं! स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. माझं मीटर मी रात्रभर तिथे ठेवलं. सकाळी सहाला २६०० होतं.

उपाय फुकट. एसी चालू असतानाही खिडकीची एक काच दोन बोटं सरकवायची, आणि खोलीचं दार उघडं किंवा त्याखाली फट. वीजबिल थोडं वाढतं हे खरं.

डास येतात म्हणून खिडकी बंद असेल तर जाळी लावा. वेल्क्रोची जाळी खिडकीच्या मापाने कापून मिळते. माझ्या मते कुंड्यांवर घातलेल्या पैशांत सगळ्या घराला जाळ्या झाल्या असत्या. फक्त ती महिन्यातून एकदा धुवा. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही, मग खिडकी उघडी असून नसल्यासारखी. जाळी लागली की कॉइल आपोआप सुटते. ती सुटायलाच हवी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघाले होते. मुलांच्या खोलीत रात्रभर कॉइल लावून कोपऱ्यात अरेका पाम ठेवणं म्हणजे… जाऊ दे.

नवीन फर्निचरचा वास

भाच्याचं फर्निचर आठ महिन्यांचं. दोन कपाटं, बॉक्सचा पलंग, मॉड्युलर किचन. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांत लाकडाचे थर किंवा भुसा धरून ठेवणारा जो गोंद असतो, तो बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू सुटतो. सुरुवातीचे काही महिने भरपूर, मग कमी कमी होत वर्षानुवर्षं थोडा थोडा. म्हणून एप्रिल-मेमध्ये घर बंद करून ऑफिसला गेलं की संध्याकाळी वास जास्त येतो.

बॅटरी यासाठीच नेली होती. कपाटाचा दर्शनी भाग सनमायकाने गुळगुळीत, पण कपाटाची पाठ, कप्प्यांच्या मागच्या कडा, बिजागऱ्यांची भोकं, पलंगाच्या बॉक्सचा तळ, सगळं कच्चं. वास तिथून येतो. सुतार जिथे हात फिरवत नाही आणि आपण जिथे बघत नाही, तीच जागा. या कच्च्या कडांना एज बँड लावून किंवा पॉलिशचे दोन हात देऊन बंद करता येतं. हे काम उन्हाळ्याच्या आत, खिडक्या उघड्या ठेवून करा. पॉलिशलाही वास असतो, तेवढे दोन-तीन दिवस मुलांना आजोळी धाडा.

तोवर रोज संध्याकाळी घरी आल्याबरोबर सगळी शटरं उघडायची, पंखा पूर्ण वेगात, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, वीस मिनिटं. बाजारात मिळणाऱ्या कोळशाच्या थैल्यांवर माझा विश्वास नाही. साधा कोळसा फॉर्मल्डिहाइड फारसा धरत नाही, आणि थैलीतून हवा ओढायला पंखाही नाही. नवं फर्निचर करणार असाल तर सुताराला बोर्ड 'ई-१' किंवा 'ई-०' प्रतीचाच, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारा, हवा असं आधी सांगा आणि बोर्डावरचा शिक्का स्वतः बघा.

बांधकामाची धूळ आणि खिडकीची वेळ

"खिडकी उघडली की धूळ येते" हेही खोटं नाही. समोर खड्डा खणलेला, ट्रकची ये-जा. पण दिवसभर सारखीच हवा नसते. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री थंड हवा जमिनीलगत दबून बसते, तिच्यात धूर-धूळ अडकते. ऊन चढलं की ती वर उचलली जाते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळची 'ताजी हवा' म्हणून सहाला खिडक्या सताड उघडणं हा उलटा कारभार आहे. दुपारी बारा ते चार उघडा. घरात कुणी नसेल तर निदान शनिवार-रविवारी. बांधकामाकडच्या खिडक्या बंद, मागच्या बाजूच्या उघड्या, असंही चालतं. आणि घरात कोरडा झाडू न मारता ओलं पुसून घ्यायचं.

धुळीसाठी यंत्र घ्यायचंच असेल तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं घ्या आणि डब्यावर सीएडीआर, म्हणजे तासाला किती हवा साफ होते तो आकडा, बघा. ३० घनमीटरच्या खोलीला तासाला दीडशे घनमीटर तरी हवा. पण ते कार्बन डायऑक्साइड काढत नाही आणि फर्निचरच्या वायूंवरही त्याचा जोर फार चालत नाही. त्यामुळे प्युरिफायर आला तरी ती दोन बोटांची फट राहू द्या.

स्वयंपाकघराचं थोडक्यात: चिमणी पाइपने बाहेर काढलेली आहे का बघा. बिनपाइपची चिमणी हवा गाळल्यासारखी करून परत घरातच सोडते. फोडणीच्या आधी चालू करायची, नंतर नाही. आणि एक्झॉस्ट चालू असताना ड्राय बाल्कनीचं दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर तो हवा ओढणार कुठून? उदबत्तीवरून घरात वाद नको. देवघर खिडकीजवळ हलवता आलं तर उत्तम, नाहीतर तीनच्या जागी एक. माझ्या सासूबाईंनी हे मान्य केलं, पण धूप फक्त सणालाच म्हणायला दोन वर्षं घेतली.

आता त्या सव्वीस कुंड्या

पानं उलटून बघितली तर मातीवर पांढरी बुरशी आणि हात लावला की चिलटं उडत होती. घरातल्या कमी उजेडात झाड पाणी फार कमी पितं, आणि आपण प्रेमाने रोज घालतो. त्यात नर्सरीतून आलेली लाल माती काळ्या पिशवीत विटेसारखी घट्ट, वरून ओली, आत कोरडी किंवा उलट. घातलेलं पाणी पानांतून आणि मातीतून जवळजवळ सगळं खोलीच्या हवेत जातं. सव्वीस कुंड्यांचं दिवसाला दोन-तीन लिटर सहज होतं. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते बरं वाटेल, जुलैत मात्र तेच पाणी भिंतीला आणि कपाटातल्या रजयांना लागतं. घरातला दमटपणा सतत साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म कीटक दोन्ही फोफावतात. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत कुंड्या ठेवूच नयेत, असं माझं मत.

आम्ही काय केलं? बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेपर्यंत पाणी बंद. मातीचा वरचा इंचभर थर काढून टाकला, त्याजागी कोकोपीट, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. चिलटांसाठी पिवळे चिकट कागद. पंधरा-वीस दिवसांत कमी होतात, पण मधे एकदा जरी भरपूर पाणी घातलं तरी पुन्हा सुरू. पानं ओल्या फडक्याने पुसली, फडकं काळं झालं. दूध, तेल, चकाकीचे फवारे काही नको.

बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी दर चार दिवसांनी बदला. एडिस डासाला असं स्वच्छ, साठलेलं पाणीच लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरात येऊन नेमक्या याच बाटल्या आणि बश्या बघतात, ते उगाच नाही. बशी नुसती रिकामी करून उपयोग नाही. अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात, म्हणून काथ्याने घासायची. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबाकिया उंचावर. चावलं तर तोंडाची आग होते.

सव्वीसांतल्या नऊ कुंड्या घरात राहिल्या, त्याही उजेडाच्या जागी. आठ बाल्कनीत गेल्या, बाकीच्या सोसायटीच्या जिन्यात. जाळ्या त्याच आठवड्यात लागल्या. परवा भाच्याने सकाळी सहाचा मीटरचा फोटो पाठवला, कार्बन डायऑक्साइड ९४०. डोळ्यांची चुरचुर कमी आहे, गेलेली नाही. कपाटांच्या पाठीला हात लागायचा राहिलाय. सुतार संक्रांतीनंतर येतो म्हणालाय.